पेट्या नव्हे, माश्या मोजा

दरवर्षी २० मे उजाडला की सरकारी परिपत्रकांना मधमाशीची आठवण होते. शाळांत भाषणे होतात, कृषी महाविद्यालयांत मधाच्या बाटल्या मांडल्या जातात, एखादे पाहुणे जाळीचा बुरखा घालून फोटोला उभे राहतात. हा जागतिक मधमाशी दिन संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठरवला, तो स्लोव्हेनियाच्या आग्रहावरून. अँटोन यान्शा या अठराव्या शतकातल्या नामवंत स्लोव्हेनियन मधपाळाच्या जन्माशी ती तारीख जोडलेली आहे. तिकडे मे म्हणजे ऐन वसंत. फुलांना तोटा नाही आणि पेट्या माश्यांनी भरलेल्या. आपल्या सह्याद्रीत त्या दिवशी हिरड्याचा बहर ओसरत आलेला असतो, मधाची शेवटची काढणी उरकत आलेली असते आणि मधपाळ पेट्यांवर टाकायला गवत नि प्लास्टिकचे कागद गोळा करत असतो. एखादा वळीव पडून गेलेला असतो. पुढचे चार महिने पेटीला उपासमारीचे असतात.

दिवस साजरा करायला कोणाची ना नाही. पण मधाचे वर्ष ज्या आठवड्यांत बनते किंवा बिघडते ते पौष-माघातले आहेत, आणि त्या आठवड्यांत या विषयावर कोणी अवाक्षर काढत नाही. वसंत पंचमीला पेटीची तयारी सुरू करणाऱ्याला उशीर झालेला असू शकतो.

याचे कारण माशीच्या शरीरात आहे. सह्याद्रीतल्या पेट्यांमध्ये पाळली जाते ती सातेरी माशी. राणीने घातलेल्या अंड्यातून तीन दिवसांनी अळी निघते, मग कोष होतो, आणि अठरा ते वीस दिवसांनी कामकरी माशी बाहेर पडते. बाहेर पडली म्हणजे लगेच फुलांवर गेली, असे होत नाही. आधी ती घरातली कामे करते: पोळ्याची साफसफाई, अळ्यांना भरवणे, मेण स्रवून घरे बांधणे, दारावर पहारा. दोनतीन आठवडे असे गेल्यावरच ती मकरंद आणायला बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून फुलापर्यंतचा प्रवास साधारण चाळीस दिवसांचा. जांभळीचा मोहोर मार्चच्या पहिल्या आठवड्यात लुटायचा असेल, तर तो लुटणाऱ्या माश्यांची अंडी जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात पोळ्यात पडलेली हवीत. मोहोर दिसल्यावर घातलेल्या अंड्यांतल्या माश्या कामाला लागतात तेव्हा जांभळीखाली फुलांच्या केसरांचा सडा पडलेला असतो. अशी वसाहत हंगामभर स्वतःच वाढत राहते, जमलेला मध पिल्लांना घालते आणि मधपाळाची मधकोठी, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा कप्पा, रिकामी ठेवते. मग तो म्हणतो, यंदा फुलोरा कमी होता.

मधमाशीपालनाची पुस्तके उघडली की पहिली पंचाईत इथेच होते. पेटीचे शास्त्र घडले ते थंड देशांत. दोन पोळ्यांमध्ये माशीला जाण्यायेण्यापुरती ठरावीक फट ठेवली तर ती तिथे मेण भरत नाही आणि चौकट उचलून काढता येते, हे फिलाडेल्फियाच्या लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हेरले आणि आजची हलत्या चौकटींची पेटी जन्माला आली. आपल्याकडे गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीच्या न्यूटन या जेझुइट पाद्रींनी लहान चणीच्या सातेरीला बेतशीर पेटी बनवली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पेटी जमली, वेळापत्रक मात्र तिकडचेच राहिले. तिथल्या पुस्तकांत वसंताची तयारी म्हणजे बर्फातून वाचलेल्या वसाहतीची निगा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माशीची उपासमार होते ती त्या पावसात. जून ते सप्टेंबर ती घराबाहेर पडू शकत नाही, राणीचे अंडी घालणे मंदावते, वसाहत मूठभर उरते. पाऊस उघडता उघडता सोनकी, तेरडा, एखाद्या वर्षी कारवी फुलते आणि वसाहत पुन्हा बाळसे धरते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे तिच्यावर दरसालचा हिशेब बांधता येत नाही. मग डिसेंबर-जानेवारीचा गारठा. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्याच रात्री पेटीत माश्या अंगाला अंग भिडवून अळ्यांना ३४-३५ अंशांची ऊब देत असतात, आणि त्यासाठी साठवलेला मध जाळत असतात. मुक्कामाला आलेल्या पर्यटकाला थंडी गुलाबी वाटते. पेटीला ती महाग पडते.

म्हणून जानेवारीतली तपासणी. ती दुपारी, ऊन चढल्यावर करायची. सकाळच्या गारठ्यात चौकट बाहेर काढली तर अळ्या थंडीने मरतात. धुराचा हलका झोत, घाई नाही, आणि कामापुरतीच उघडझाप. राणी शोधत बसण्याची हौस नवख्यांना फार असते. ती शोधण्याची गरज नसते. षटकोनी घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले की राणी आहे आणि चालती आहे. एकाच घरात दोनतीन अंडी, तीही घराच्या भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी बहुधा गेलेली असते आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागलेल्या असतात. त्या अंड्यांतून निपजतात ते फक्त नर. अशी पेटी बाहेरून गजबजलेली दिसते, पण मधाच्या दृष्टीने संपलेली असते. अळ्यांचे पोळे सलग न भरता मधेमधे रिकामे राहिले असेल तर राणी थकली, असे समजून नवीन राणीचा विचार करावा.

जुनी काळी पोळी याच वेळी काढून टाकायची. प्रत्येक पिढी आपल्या कोषाचे अस्तर घरात सोडून जाते, घर आकसत जाते आणि त्यात वाढणारी माशीही बारकी निघते. काळ्या पोळ्यांवर मेणकिड्याचा डोळा असतो. त्याच्या अळ्या पोळ्यातून बोगदे काढत जातात, मागे जाळी विणतात, आणि वसाहत दुबळी असेल तर काही आठवड्यांत पोळ्यांचा भुगा होतो. तळपाटावर साचलेला मेणाचा कचरा हे मेणकिड्याचे माहेर; तो खरवडून काढायला पाच मिनिटे लागतात आणि नेमका तोच आळस नडतो. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत ना, वाट्यांत पाणी आहे ना, हेही बघायचे, नाहीतर मुंग्या आणि मुंगळे शिडी लावल्यासारखे चढतात.

दोन दुबळ्या वसाहती दोन पेट्यांत जपत बसण्यापेक्षा त्यांची एक करावी, हे कोणत्याही जुन्या मधपाळाला माहीत असते. ती कशी करतात हे वर्तमानपत्राच्या वाचकाने तरी जाणून घेतलेच पाहिजे. एकीतली राणी काढून घेतात, दोन पेट्या एकीवर एक ठेवतात आणि मधे वर्तमानपत्राचे पान घालून त्याला बारीक भोके पाडतात. दोन्हीकडच्या माश्या ते पान कुरतडू लागतात. पान फाटेपर्यंत दोघींचा वास एकमेकींत मिसळून जातो आणि मारामारी होत नाही. अग्रलेखांनी इतका सलोखा क्वचितच घडवला असेल.

मग पाक. साखर आणि पाणी सारख्या वजनाने घेऊन केलेला पातळ पाक थोडाथोडा, संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवायचा. बाहेर सांडला की शेजारच्या वसाहती लुटायला येतात. हा पाक पोट भरण्यापेक्षा भुलवण्यासाठी असतो. घरात गोड येऊ लागले, म्हणजे बाहेर फुले आली, असे वसाहतीला वाटते आणि राणीला जास्त भरवले जाते. अंड्यांची संख्या वाढते. पण वर मधकोठी चढवायच्या आत पाक बंद झाला पाहिजे, नाहीतर साखर मधात उतरते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये तेरा ब्रँडच्या मधाच्या तपासण्या जाहीर केल्या, त्यांत दहा ब्रँड भेसळीच्या चाचणीत नापास झाले. तो घोटाळा कारखान्यातल्या पाकाचा होता, जानेवारीत वाटीभर पाक ठेवणाऱ्या मधपाळाचा नव्हे. तरी गिऱ्हाईक दोघांकडे एकाच संशयाने बघते, म्हणून तारीख पाळण्यात मधपाळाचीच अब्रू आहे.

मधकोठी चढवण्याची वेळ चुकली तर होणारे नुकसान वेगळेच. लवकर चढवली तर घराची ऊब वर पळते. उशीर केला तर खाली दाटी होते, पोळ्याच्या कडेला शेंगदाण्याच्या आकाराची राणीघरे लोंबू लागतात आणि एका स्वच्छ दुपारी जुनी राणी निम्म्या माश्यांसह निघून जाते. सातेरीची आणखी एक खोड आहे. उपासमार झाली, मेणकिडा लागला किंवा माणसाने फार छळले, तर ती वसाहत वाटून घेत बसत नाही. सगळ्या माश्या एकदम घर सोडतात. मागे उरते ती पेटी.

सरकारी योजनांचा प्रश्न या रिकाम्या पेटीपाशी येऊन थांबतो. महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, ‘मधुबन’ नावाने मंडळ मध विकते. मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक, प्रशिक्षण आणि हमी भावाने मधखरेदी अशी व्यवस्था आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. तिथल्या बहुतेक घरांत मधमाशी ही आधीपासूनच घरचीच. पाठोपाठ कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातले पाटगाव आले, आणि आता मेळघाटातले आमझरी, अकोले तालुक्यातले उडदावणे, चिकूसाठी नावाजलेले घोलवड अशी यादी वाढते आहे. केंद्राने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी पाचशे कोटी रुपये ठेवले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या ‘हनी मिशन’ने २०१७ पासून दोन लाखांहून अधिक पेट्या वसाहतींसह वाटल्या. हे सगळे चांगलेच आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र यशाचा आकडा म्हणून जो पुन्हा पुन्हा पुढे येतो तो वाटलेल्या पेट्यांचा. त्यातल्या किती पेट्यांत पुढच्या जानेवारीत अंडी घालणारी राणी होती, याचा आकडा तितक्याच अभिमानाने छापून येत नाही.

शिवाय सरकारचे वर्ष मार्चला संपते. अनुदान, निविदा, खरेदी, वाटप ही गाडी मार्चअखेरच्या धावपळीत स्थानकात शिरते, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. मार्चअखेर हातात पडलेल्या वसाहतीला हिरड्याचा थोडाफार मध मिळेल, आणि लगेच पाऊस. नवख्या मधपाळाची पहिलीच परीक्षा वर्षातल्या सर्वांत कठीण चार महिन्यांची. त्यात वसाहत पळाली की पेटी माळ्यावर जाते, पुढे तिच्यात कांदे-बटाटे राहतात आणि गावात ‘मधमाशी आपल्याकडे टिकत नाही’ असा शेरा कायमचा रूढ होतो. तीच वसाहत ऑक्टोबरात, पावसानंतरच्या फुलोऱ्यावर दिली, तर शिकणाऱ्याच्या हाताशी जानेवारीपर्यंत तीन महिने असतात.

माश्या मोजायच्या म्हणजे कशा, हे कॅलिफोर्नियाच्या बदाम बागायतदारांकडून शिकता येईल. तिथे फेब्रुवारीत बदाम फुलतो, एकरी साधारण दोन पेट्या लागतात आणि त्यासाठी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून ट्रक भरभरून पेट्या येतात. एका पेटीचे हंगामाचे भाडे दोनशे डॉलरच्या आसपास. मात्र भाड्याचा करार नुसत्या पेटीवर होत नाही. पेटीत माश्यांनी झाकलेल्या चौकटी किती, यावर तो होतो. सरासरी आठ चौकटी हा तिथला सर्रास निकष. तपासनीस काही पेट्या उघडून मोजतो, कमी भरल्या तर पैसे कमी. त्या देशालाही संकटे चुकलेली नाहीत. २०२४-२५ च्या हिवाळ्यापर्यंत व्यावसायिक मधपाळांच्या साठ टक्क्यांहून अधिक वसाहती दगावल्याचे पाहणीत दिसले. पण किती गेल्या हे त्यांना कळले, कारण ते जिवंत वसाहती मोजत होते.

सातेरी आणि बदामावरच्या मेलिफेरा माशीची सरसकट तुलना करणे बरोबर नाही. मेलिफेरा आपल्याकडे हिमाचलातल्या नगरोट्यात १९६२ ते ६४ दरम्यान रुजली, पंजाबात फोफावली, आणि आज तिच्या पेट्या मोहरीमागे, सूर्यफुलामागे ट्रकने फिरतात. तिची वसाहत मोठी, मध जास्त, भूकही जास्त. घाटातल्या गावात घरामागे चार पेट्या ठेवणाऱ्याला सातेरीच परवडते. तिचा मध थोडा असतो, पण ती इथल्या पावसाला, इथल्या गांधीलमाश्यांना आणि वेड्या राघूला पिढ्यान्‌पिढ्या ओळखते. म्हणूनच तिच्या वसाहती लांबून आणून वाटण्यात धोका आहे. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुरोग दक्षिणेत पसरला. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरू लागल्या आणि केरळातल्या सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती गेल्या. त्यावर औषध नाही. सशक्त वसाहत, बदललेली राणी आणि रोगट पेटीची इतरांशी सरमिसळ न करणे, एवढेच उपाय. मांघरच्या माश्यांतून मांघरमध्ये आणि पाटगावच्या माश्यांतून पाटगावमध्ये वसाहती वाढवणे हे संथ काम आहे, पण दुसरा सुरक्षित रस्ता दिसत नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या कामाला लागणारे ज्ञान हाताशी आहे, आणायला कुठे जायला नको.

पेटीची तयारी पेटीपाशी संपत नाही. सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांत फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात. पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने अनेकदा ते लावले जातात. त्यात गेळा होरपळतो, जांभळीचा मोहोर करपतो, झाडाच्या ढोलीतल्या आणि वारुळातल्या रानटी सातेरी वसाहती जळतात. त्याच वसाहती तर पुढच्या ऑक्टोबरात पेटीत यायच्या असतात. मधाच्या गावाने जाळपट्टे काढले नाहीत तर तिथल्या पेट्यांवरचे अनुदान धुरात गेले, असे समजायला हरकत नाही.

खाली सपाटीवर प्रश्न फवारणीचा. नाशिक, अहिल्यानगर, जालना, बुलढाणा या भागांत कांद्याचे बी धरणारे शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदे लावतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास गोंडे फुलतात. कांद्याच्या एका फुलात पराग आधी झडतो आणि त्याचे स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग आणून देणारे कोणीतरी लागतेच. माशी नसेल तर गोंडे दिसायला भरगच्च आणि आत पोकळ. आता अनेक जण हंगामापुरत्या पेट्या भाड्याने आणतात. त्याच वेळी थ्रिप्ससाठी कीटकनाशकाचा पंपही फिरत असतो. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये माश्यांपायीच बंद केला. आपल्याकडे पहिली दोन कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. बंदीची वाट बघत बसण्याची गरज नाही. गोंडे फुलायच्या आधी थ्रिप्स आटोक्यात आणणे, आणि फुलोऱ्यात फवारायचेच झाले तर मधपाळाला आदल्या दिवशी फोन करून माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारणे, इतके तरी शेतकऱ्याच्या हातात आहे. ज्या पेटीचे भाडे भरले तिच्याच माश्या मारणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

खादी मंडळाला आणि मध संचालनालयाला मागण्या तीनच कराव्याशा वाटतात. वसाहतींचे वाटप मार्चऐवजी ऑक्टोबरात करा. नव्या मधपाळाच्या अंगणात जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक अनुभवी माणूस पाठवा. दहा दिवसांच्या शिबिरात जे डोक्यात शिरत नाही ते उघड्या पेटीसमोर अर्ध्या तासात शिरते. आणि दरवर्षी दोनदा, जानेवारीत नि पाऊस ओसरल्यावर, गावागावातल्या जिवंत वसाहतींची मोजणी करून तो आकडा, कसाही असला तरी, वाटलेल्या पेट्यांच्या आकड्याशेजारी छापा. पुढच्या २० मे रोजी बुरखा घालून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांनी तेवढाच एक आकडा भाषणात वाचून दाखवला तरी चालेल.